गेटावरचा झेंडा

“आमचा झेंडा तुमच्या गेटावर, अन् सही करायची तर मागं सरताय व्हय?” युनियनचा पुढारी श्रीमंतभाऊ म्हणला. तेही मालकाच्याच खुर्चीत बसून, म्हणून सम्राटचं डोकं आणखीच तापलं.

मालक, म्हणजे कृपादानकाका, टेबलाच्या अलीकडं उभे. सुप्याच्या एमआयडीसीत त्यांचं बिजागऱ्यांचं छोटं वर्कशॉप. सम्राट तिथं पत्रा दाबायची प्रेस चालवायचा. बाहेर माल भरलेला टेम्पो उभा होता आणि त्याच्यापुढं युनियनची दोन पोरं मोटरसायकल आडवी लावून शेंगा खात बसली होती. करारावर सही झाली की मोटरसायकल हलणार, न्हाईतर टेम्पो जागेवरच.

“झेंडा मी भीतीनं लावला, भाऊ,” काका म्हणले. “तुमच्या मोर्च्यात काचा फुटत होत्या. शेजारच्यानं सांगितलं, झेंडा बांध, दगड येत न्हाई.”

“आला का दगड?”

“न्हाई.”

“मंग? काचा आमी राखल्या, अन् करार काय पाद्र्याशी करनार?”

दारातली पोरं फिदीफिदी हसली.

करारात बाकी सगळं ठीक होतं. एकच कलम वाईट होतं : हातकाम बंद. गुरवारी एमआयडीसीत लाईट नसायची, सगळ्या कंपन्यांना टाळं. काकांकडं मात्र रविवारी सुट्टी, काका चर्चला जायचे म्हणून. गुरवारी मशिनी गप पडल्या की सगळे पोत्यावर बसून कानशीनं बिजागऱ्यांच्या कडा घासायचे. शिकवायला जयमाला. ती सम्राटची थोरली बहीण. सासर सोडून आली तेव्हापास्नं रोज तेच काम करायची, अन् त्याच कामावर मान वर करून जगायची. हातकाम बंद म्हणजे जयमाला घरी.

“हे एक कलम काढा, भाऊ,” सम्राट म्हणला.

“तुमचं बघून उद्या बाकीचे मालकबी लोकांला गुरवारी पोत्यावर बसवतील. तवा कोन भांडनार, तू?” श्रीमंतभाऊनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. “अन् तुमच्यातल्या गोरक्षचं बोट तुटलं तवा भरपाई कुनी मिळवून दिली, इसरलास?”

इसरला नव्हता. म्हणून तर जास्त चीड यायची. त्या वेळी सम्राटच सगळ्यांना सांगत फिरला होता, माणूस असावा तर असा.

“भरपाई दिली म्हणून आमच्या नावावर काय बी लिहिनार? आमची सभा कवा घेतली तुमी?”

“झेंडा लावला तवाच सभा झाली.”

सम्राट ताडकन बाहेर गेला. गेटाच्या खांबावर चढला, सुतळी दातानं तोडली, झेंडा आणून टेबलावर ठेवला. चुरगाळला न्हाई, नीट घडी घालून ठेवला.

“घ्या. आता झेंडा न्हाई. आता इचारा आमाला, एकेकाला.”

पत्र्याखाली जयमालाची कानस थांबली. श्रीमंतभाऊ प्रथमच खुर्चीतून उठला. दारातल्या पोराच्या हातातला शेंगांचा कागद खाली पडला.

आणि काका म्हणले, “सम्राट, लाव तो परत.”

“काय?”

“लाव म्हणतो ना. काचा फुटतील.”

त्यांनी पेन उचललं अन् उभ्या-उभ्याच सही केली. भाऊनं कागद फुंकला, खिशात घातला. बाहेर मोटरसायकल चालू झाली.

सम्राटला भाऊपेक्षा काकांचाच जास्त राग आला. “झेंडा लावताना आमाला इचारलं न्हाई. आता सही करतानाबी न्हाई. दोघं एकाच माळेचे तुमी.”

“टेम्पो सुटला ना बाबा. तुज्या आक्काला मी झाडलोटीला—”

“झाडलोटीला?”

जयमाला दारात येऊन उभी होती. पदराला लोखंडाची भुकटी, हातात कानस. तिनं ती टेबलावर, घडी घातलेल्या झेंड्यावर ठेवली. “काका, येते,” एवढंच म्हणली.

“अगं, ऐक तरी. सम्राट, तू सांग तिला. बस, चहा घे.”

“चहा भाऊला पाजा,” सम्राट म्हणला. “प्रेसवर दुसरा बघा. आक्का पुढं गेली, मला निघायला पायजे आता.”