लालबाग ते दादर, रिव्हर्समध्ये

मी गिअरचा दांडा बोलतोय. हसू नका. स्टिअरिंगचं सगळे कौतुक करतात, हॉर्न तर पोराटोरांनाही ठाऊक असतो. पण लॉरी पुढे जायची की मागे, हे ड्रायव्हर मला सांगतो आणि मी खालच्या चक्रांना सांगतो. मध्ये दुसरं कोणी नाही.

माझा जन्म विलायतेतला, ऐन लढाईतला. लष्करी लॉरीतून मी मुंबईत उतरलो. लढाई संपल्यावर ती लॉरी लिलावात निघाली आणि हात बदलत बदलत लालबागच्या गुणाजीकडे आली. माझ्या डोक्यावरचा काळा गट्टू तोवर कुठेतरी पडला होता. गुणाजीने घरातल्या लाटण्याचं टोक कापलं आणि माझ्या डोक्यावर ठोकून बसवलं. त्याची बायको राधा ते लाटणं किती दिवस शोधत होती! लॉरीत माझ्या शेजारी बसून विचारायची, "लाटणां खंय गेला आसात ओ?" गुणाजी माझं डोकं तळहाताखाली झाकून म्हणायचा, "उंदरान नेल्यान आसतला."

माणूस तोंडाने खोटं बोलतो तेव्हा त्याचा तळहात घामेजतो. हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

गुणाजी मात्र मनाचा सरळ. त्याच्या हातून एकच चूक झाली, तीही नकळत. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत हरताळ पडला, त्या दिवशी आम्ही नाशकाहून कांदे घेऊन येत होतो. वाटेत कोणी काही सांगितलं नाही. सकाळी दहा वाजता अख्ख्या लालबागेत रस्त्यावर एकच लॉरी होती, आमची, आणि गुणाजी आपला रस्ता मोकळा मिळाला म्हणून खुशीत हॉर्न वाजवत होता. झालं! चाळीने त्याला फितूर ठरवलं. शेजारच्या खोलीतला गिरणीकामगार लवू, जो रोज त्याच्या ताटातली कोलंबी उचलायचा, त्याने बोलणंच सोडलं. सहा महिने. इतर कोणाचं गुणाजीला एवढं लागलं नाही. रात्री नाही, भर दुपारी, जकात नाक्याच्या रांगेत उभा असताना तो मला धरून डोळे पुसायचा.

पुढचा हरताळ जाहीर झाला तेव्हा गुणाजी आपणहून चळवळीच्या समितीकडे गेला. मोर्चाचे भोंगे, बॅटरी आणि मंचाच्या फळ्या दादरच्या मैदानावर मी पोचवतो म्हणाला. समितीचे कार्यवाह सीतारामपंत यांनी चष्म्यावरून बघत त्याला एक संधी दिली. पाच वाजता सभा. भोंगे पोचले नाहीत तर गुणाजी पुन्हा फितूर, आणि या वेळी कायमचा.

हरताळाच्या दिवशी दुपारी दोन वाजता गल्लीतून लॉरी बाहेर काढायला गुणाजीने रिव्हर्स टाकला, आणि मी उखडून त्याच्या हातात आलो.

बुडाशी झिजलोच होतो मी. माझं खालचं टोक तुटून आतल्या खाचेतच राहिलं, अगदी रिव्हर्समध्ये घट्ट अडकून. म्हणजे लॉरी चालू होती, पण फक्त मागे. गुणाजी मला उराशी धरून धावत शेजारच्या गॅरेजात गेला.

गॅरेजवाला बुधाजी म्हणजे वेल्डिंगमध्ये एक नंबर माणूस. दाराच्या पायरीवर हात बांधून बसला होता.

"बुधाजी, झाळ घाल रे! अर्ध्या तासाचा काम!"

"आज हरताळ आहे," बुधाजी म्हणाला. "उद्या सकाळी सात वाजता पहिलं तुझं करतो."

"अरे, पण ही मोर्चाचीच लॉरी!"

"समितीचा हरताळाचा ठराव वाच की."

सीतारामपंत ठराव घेऊन आले. ठरावात मोर्चाची लॉरी हाकण्याला सूट होती. दुरुस्तीचा उल्लेख नव्हता. चाळीतली माणसं जमली. दुरुस्ती हे काम की सेवा, यावर वाद पेटला. एकाने उपसमिती नेमा म्हटलं. दुसरा म्हणाला, गॅस बुधाजीने पेटवावा, पण मजुरी घेऊ नये. तिसरा म्हणाला, गॅस पेटवणं हेच काम. मी बाकावर पडून ऐकत होतो. मला जोडायला लागला असता त्याच्या दुप्पट वेळ मला जोडावं का यात गेला.

बुधाजीची बायको कमलाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "सकाळी तुमच्या घरात चुली पेटल्या ना? ते काम नव्हतं वाटतं?"

"चूल वगळली आहे," सीतारामपंत हळूच म्हणाले.

"बरं. मग मला सांगा, लॉरी मागे जातेय ना?"

"जातेय."

"मग मागेच न्या की! दादरला मागून पोचता येत नाही का?"

सीतारामपंतांनी ठराव पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. ठरावात याविरुद्ध काहीच नव्हतं.

अशी निघाली आमची स्वारी. लॉरीचं शेपूट दादरकडे, तोंड मोर्चाकडे. मला घेऊन बुधाजी मागच्या फळीवर उभा राहिला. एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे, तीन ठोके म्हणजे थांब. माझ्या लाटण्याच्या डोक्याने तो पत्र्यावर ठोके देत होता. "हे काम नाही," तो ज्याला त्याला बजावत होता, "हे वाजवणं आहे."

गुणाजी काचेतून समोर बघत होता आणि समोर होता मोर्चा. नेहमी लॉरीवाल्याला माणसांच्या पाठी दिसतात. त्या दिवशी त्याला अडीच मैल तोंडं दिसली. पहिल्या रांगेत, बरोबर काचेसमोर, निशाणाचा बांबू धरलेला लवू! बांबू सोडून जाता येईना. त्याने आभाळाकडे बघितलं, पायांकडे बघितलं, रेडिएटरकडे तर फारच बघितलं. गुणाजी मात्र त्याच्यावरून नजर हलवत नव्हता.

परळच्या नाक्यावर घोषणा क्षणभर थांबल्या आणि त्या शांततेत बुधाजीने दोन ठोके दिले. लाकडाचा तो आवाज ओळखून बायकांच्या रांगेतून राधा किंचाळली, "माजा लाटणां!"

अख्खा मोर्चा हसला. लवू हसला आणि हसता हसता त्याने काचेकडे बघितलं. गुणाजीही तोंडावर हात धरून हसत होता. दोघांनाही ते आवरायला वेळ मिळाला नाही.

एंजिन दोनदा तापलं, दोनदा पाणी पाजलं. पाचाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही मैदानावर पोचलो, शेपटाकडून. लवू खिडकीशी आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा बोलला.

"मान दुखता काय रे?"

"माजी कित्याक दुखात?" गुणाजी म्हणाला. "मी फुडेच बघी होतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बुधाजीने मला झाळलं. तेव्हापासून मी निम्मा विलायतेचा, निम्मा लालबागचा.

पुढे साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. चाळीने आनंदाची मिरवणूक काढली. मी ठणठणीत होतो, लॉरी पुढे जायला तयार होती. पण सीतारामपंत म्हणाले, प्रथा आहे, लॉरी उलटीच जायची. रिव्हर्स टाकून झाल्यावर ठोक्यांसाठी मला उपटायचा मान लवूला मिळाला. त्याने उत्साहात असा हिसडा दिला की जुनी झाळ सुटली.

म्हणून आज मी पुन्हा बुधाजीच्या बाकावर पडलोय. त्याला विचारलं तर म्हणतो, "नव्या राज्याचा सण आहे, हातोडा उचलणार नाही." बाहेर पायरीवर गुणाजी आणि लवू एका ताटात जेवताहेत. लवूने आत्ताच त्याची कोलंबी उचलली. मला अजिबात घाई नाही.

लॉरी आता थकली आहे, एक दिवस भंगारात जाईल. तेव्हा माझं लोखंड भंगारवाल्याला द्या, डोक्यावरचं लाकूड राधाला द्या. पण त्याआधी, तुमचं कोणाशी बोलणं तुटलं असेल, तर त्याला आमच्या काचेसमोर उभं करा आणि गुणाजीला रिव्हर्स टाकायला सांगा. फार लांब जायला नको. अडीच मैल पुरतात.