आरशाची पिशवी

धाकट्या बहिणीने आईचा आरसा मागितला आणि तो तिच्याकडे पाठवायचं ठरलं, तेव्हा थोरलीने नुसती मान डोलावली. मनातून मात्र ती खट्टू झाली होती. पुरुषभर उंचीचा, लाकडी चौकटीचा तो लंबगोल आरसा आईच्या पश्चात आठ वर्षं तिच्याच खोलीत होता. आणि धाकटीची नजर तर दोन वर्षांत इतकी अधू झालेली, की समोरच्या माणसाचं तोंडही तिला दिसेना. मग तिला आरसा हवा कशाला? हे विचारायचं तरी कसं? विचारलं तर तिच्या जिवाला लागेल, आणि न विचारावं तर आपल्याला चैन नाही.

धाकटीचं गाव बसने चार तासांवर. जुनी चादर गुंडाळली की झालं, असं थोरलीच्या नवऱ्याचं म्हणणं पडलं. पण थोरलीचा जन्म छापखान्यात पुस्तकं बांधण्यात गेला होता. एखादी वस्तू नुसती गुंडाळून मोकळं व्हायचं तिच्या हातांना ठाऊकच नव्हतं. तिने आरशाच्या मापाची, दुलईसारखी जाडजूड पिशवी शिवायला घेतली.

पलंग भिंतीला सरकवून तिने आरसा जमिनीवर उताणा ठेवला, आणि त्याच्या पलीकडे बसून कापड पसरलं. समोरच्या खिडकीतलं आभाळ आरशात उतरलं होतं. तळ्याच्या काठी बसून शिवतो आहोत असं तिला वाटू लागलं. एक ढग चौकटीच्या या कडेने आत आला, रमतगमत पोहत गेला, त्या कडेला दिसेनासा झाला. खडूने रेघ मारता मारता ती कितीतरी वेळ नुसती बघत राहायची. मग हातातल्या खडूची आठवण व्हायची.

बाहेरून निळ्या पडद्यांचं कापड, आतून मऊ झालेली चादर, मध्ये कापसाची जाड लादी. तिन्ही थर तिने कच्च्या टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवले आणि मग मशीनवर, मध्यापासून सुरू करून कडांकडे, तिरक्या रेघा टिपत नेल्या. कडेकडून सुरुवात केली की कापूस मध्ये गोळा होतो. निळं ओझं गुंडाळी करून मशीनच्या दांड्याखालून सरकवावं लागे. अर्धं मांडीवर, अर्धं खांद्यावर. मशीनचा एकसुरी आवाज, उबदार वजन आणि दुपारचं ऊन. तिचे डोळे पेंगत, पण हात चालूच राहत.

नवरा दारात येऊन बघत उभा राहिला. मग शांतपणे म्हणाला, "हत्तीच्या उशीचा अभ्रा छान होतोय."

तिसऱ्या दिवशी बाजू जोडून झाल्या. पिशवी सुलटी करायला ती आधी कोपरापर्यंत आत गेली, मग खांद्यापर्यंत, मग डोक्यासकट. आत सगळं निळसर होतं. रस्त्यावरचे आवाज दूर कुठेतरी, पाण्याबाहेर राहिल्यासारखे येत होते. लहानपणी दोघी बहिणी एका पांघरुणात डोकं खुपसून कुजबुजत, तसा धाकटीचा श्वास जवळ असल्याचा तिला भास झाला. बाहेर यायला तिने उगाचच वेळ लावला.

पण आरसा काही आत जाईना. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, जाडी मात्र ती धरायलाच विसरली होती. हजारो पुस्तकांना जाडीएवढी पाठ लावलेली बाई, आणि आरशाला पाठ लावायची राहिली. ती शिवण उसवत बसली, आणि नेमका धाकटीचा फोन आला.

इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, तू रागावली आहेस. आवाज कळतो मला."

उसवलेला दोरा थोरलीच्या बोटाला गुंडाळला गेला होता. "एक विचारू? तुला आरसा कशाला गं?"



"मला चेहरे दिसत नाहीत, पण उजेड दिसतो," धाकटी म्हणाली. "माझ्या खोलीला एकच खिडकी. आईच्या खोलीत आरशावर ऊन आलं की समोरच्या भिंतीवर दुसरी खिडकी उघडायची बघ. मला ती हवी आहे."

पिशवीला पाठ लावायची आहे, उद्या बोलते, एवढंच थोरली म्हणाली. मग चार बोटं रुंद पट्टी कापून तिने ती तीनही बाजूंनी फिरवून बसवली. वजन शिवणीवर येऊ नये म्हणून जाड पट्टे बुडाखालून घेतले. तोंडाला झाकण आणि कोटाची पाच मोठी बटणं. आरसा आत गेला तो लोण्यात सुरी जावी तसा.

बसमध्ये तिने आणि नवऱ्याने तो दोन बाकांच्या मध्ये, गुडघ्यांनी धरून नेला. आत कोण झोपलंय, असं कंडक्टरने विचारलं. सासूबाई, असं नवऱ्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, आणि थोरली चार दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

धाकटीने दारातच पिशवीवरून हात फिरवले. तिची बोटं तिरक्या टाक्यांवरून सावकाश चालत गेली, एका वाकड्या टाक्यापाशी थबकली. "इथे तुला झोप लागली होती," ती म्हणाली. थोरलीने ते कबूल केलं.

सुताराने खिडकीसमोर आरसा टांगला. चार वाजता ऊन आलं, आणि खिडकीच्या बाजूच्या कोऱ्या भिंतीवर एक लंबगोल उजेड उमटला. कोणी काही सांगितलं नाही. धाकटीने मान वळवली, टेबलाचा आधार सोडला आणि सरळ चालत जाऊन ती त्या उजेडात उभी राहिली.

थोरलीने दोन खुर्च्या तिकडे नेल्या. मग उजेड भिंतीवरून सरकेल तशा दोघी खुर्च्या सरकवत राहिल्या. उजेड कोपऱ्यापर्यंत पोहोचला तेव्हा थोरलीने नवऱ्याला सांगून टाकलं, की परतीच्या बसने तो एकटाच जाईल.