भिंतीवरच्या दोन खुणा

त्या सकाळी सिकंदराबादच्या पोहण्याच्या तलावात पाणीच नव्हतं. फरशा बदलायला तो रिकामा केला होता, पण वेगवान पोहणाऱ्या मुलींची निवड काही पुढे ढकलली नव्हती. राज्याच्या शिबिरात एकच जागा उरली होती. माझी नात पिंकी, नाहीतर प्राजक्ता. गेल्या महिन्यात पन्नास मीटरला पिंकी हातभर पुढं होती.

"पाण्याबिगर पोहणं कसं बघता?" मी कोच अप्पारावांना विचारलं.

"अम्मा, उडीवरून समझता है. पायात ताकद किती, स्टार्ट कैसा."

"मग माशाचीही उडी मोजता का?"

"मासा शिबिरकू नक्को बोलता, अम्मा," ते हसले.

मी मात्र हसले नाही. आमच्या गावात, नांदेडकडं, विहिरीवर आमची सावलीही चालत नसे. मी दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्यात पोहायला शिकले. बाबा काठावरून ओरडायचे, "मनकर्णे, मान वर! कुणापुढं कमी दिसू नको." तेच मी लेकाला शिकवलं, तेच पिंकीला.

मुलींनी बोटांना खडू लावला. भिंतीला खेटून उभं राहायचं, हात वर करून एक खूण करायची, मग उडी मारून दुसरी. पिंकीची पाळी आली. तिनं हात वर केला, पण खांदा ढिला, मरगळल्यासारखा. मला राहवलं नाही.

"पिंके, अशी काय उभी राहिलीस? ताण की हात!"

सगळे वळून बघायला लागले. पिंकीनं माझ्याकडं पाहिलं आणि हात ताणला. आधी हात होता त्याच्या चांगली चार बोटं वर खूण उमटली. मग तिनं तीन उड्या मारल्या. भिंतीवर सगळ्यांत उंच खूण तिचीच होती. मी टाळ्या वाजवल्या.

अप्पारावांनी दोन खुणांमध्ये टेप धरली. "पिंकी एकोणचाळीस सेंटीमीटर. प्राजक्ता एक्केचाळीस."

"उंच तर आमचीच आहे!"

"अम्मा, मधलं अंतर मोजतात. खालची खूण जितकी वर, उडी उतनी कम."

"मग खालची परत घ्या."

"ती एकच बार. रूल है."

प्राजक्ताच्या आईनं तिला मिठी मारली. आम्ही मलकपेठच्या बसमध्ये बसलो.

"मला नियम माहीत नव्हता गं," मी म्हणाले.

"मला होता," पिंकी म्हणाली. "खांदा सैल ठेवायचा. सरांनी सकाळीच दाखवलं होतं."

"मग ताणलास कशाला?"

"तू सगळ्यांसमोर ओरडलीस. तुझं नसतं ऐकलं, तर घरी महिनाभर बोलली असतीस, मान खाली घालून उभी राहिली म्हणून."

ती खोटं बोलत नव्हती. बोलले असते मी.

"पुढच्या वेळी तू येऊ नको, आजी," ती म्हणाली.

मी बरं म्हणाले.