हेडबाईचं वजन

कोंबडी आजारी आहे हे कळायला मला चार दिवस लागले. आयुष्यभर वजनकाटे दुरुस्त केले, चार-पाच ग्रॅमचा फरक नुसत्या तळहातावर सांगायचो, आणि अंगणातली एकुलती एक कोंबडी फुग्यासारखी फुगली तरी माझं लक्ष नाही. लक्षात आलं तेही मुलीच्या. ती म्हणाली, बाबा, हेडबाई अशी ताठ का उभी राहते? मी म्हटलं, हेडबाईच ती, ताठच उभी राहणार.

नाव माझ्या बायकोनं ठेवलेलं. कोंबडी तपासणीला निघाल्यासारखी अंगणभर फिरायची, दिसेल त्यात चोच खुपसायची, म्हणून हेडबाई. पूर्वी पाच होत्या. बायको गेली तेव्हा ही एकच उरली होती. तिला जाऊन आता सात महिने झाले. पहिले दोन महिने मी अंथरूण सोडलं नाही. रडलोही नाही. दात काढताना सुई टोचून जबडा बधिर करतात, तसं सगळं अंग झालं होतं. दुकानाला कुलूप, दाढी वाढलेली; मुलगी ताट आणून ठेवायची आणि तसंच उचलून न्यायची. मग एका सकाळी ती दारात येऊन म्हणाली की हेडबाईनं अंडं घातलंय, मला बेकरीत जायला उशीर होतोय, तेवढं आणा. मी कुरकुरत उठलो, खुराड्यात हात घातला. अंडं कोमट होतं.

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला एक अंडं. ते आणायचं, सोनाराच्या छोट्या काट्यावर ठेवायचं, पेन्सिलीनं त्याच्यावरच वजन लिहायचं. कारण विचाराल तर काही नाही, हाताला खोड. सुरुवातीला अठ्ठेचाळीस, पन्नास ग्रॅम भरायची. पुढे साठ, बासष्ट. मी मुलीला म्हणायचो, हेडबाईनं म्हातारपणी अंग धरलंय. ती मान हलवायची आणि आपला डबा भरत राहायची. पण अंडं आणायला उठलं की मग दाढी व्हायची, चहा व्हायचा, एखाद्या दिवशी दुकानही उघडायचं.

आता हेडबाई खाईना. पोट जमिनीला टेकायला आलं, तुरा पांढरट पडला. शेजारच्या खाटकानं भिंतीवरून डोकावून निकाल देऊन टाकला की आज कापलीत तर निदान सूप होईल. मुलीनं बेकरीतून सुट्टी घेतली, कोंबडीला टोपलीत घातलं आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी हेडबाईला काट्यावर ठेवलं. मी आधी काटा बघितला. दहा ग्रॅम जास्त दाखवत होता. तसं सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दोन किलो सहाशे. मग त्यांनी पोट चाचपलं, छातीचं हाड चाचपलं, आणि शेवटचं अंडं कधी दिलं ते विचारलं.

"आज सकाळी," मी म्हटलं. "बासष्ट ग्रॅम."

त्यांनी पुन्हा पोट चाचपलं. असं होणं कठीण आहे, म्हणाल्या. अंड्याचा बलक बाहेर यायच्या ऐवजी आत पोटात पडतो, तिथे सडतो, पाणी धरतं. हिचं तसं दिसतंय, आणि तसं असेल तर हिनं कित्येक महिने अंडं दिलेलं नसणार. मी चिडलो. एकेका अंड्याचं वजन केलंय म्हटलं, मला काय शिकवता. त्या म्हणाल्या, काका, ती खरंच रोज अंडं देत असेल तर माझं निदान चुकतंय, मग मला पोट उघडूनच बघावं लागेल.

मुलगी इतका वेळ फरशीकडे बघत होती. "नका उघडू," ती म्हणाली. "अंडी मी ठेवते."

डॉक्टरीणबाई काहीतरी आणायला म्हणून आत गेल्या. मुलगी खालमानेनं बोलत राहिली. पहिले आठ-दहा दिवस अंडी हेडबाईचीच होती. मग बंद झाली. मग ती बेकरीतून आणायला लागली. कवचावरचा शिक्का व्हिनेगरनं पुसून टाकायची.

"तुम्ही उठतच नव्हता, बाबा."

मला राग यायला हवा होता. आला नाही. लाज तेवढी वाटली, तीही लांबून. अंड्याचं वजन एका रात्रीत दहा ग्रॅमनं वाढलं आणि मी, ज्याच्याकडे बाजार काटे दाखवायला आणतो, त्यानं ते निमूटपणे पेन्सिलीनं लिहून ठेवलं. रोज अंडं तोललं, कोंबडी एकदाही तोलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी तीन रस्ते सांगितले. ऑपरेशन करायचं, पण त्यातून दहातली एखादीच उठते. किंवा सुईनं पाणी काढायचं. श्वास मोकळा होईल, दोन आठवडे बरे जातील, मग पाणी परत भरेल. किंवा आजच इंजेक्शन देऊन संपवायचं.

"ऑपरेशन करा," मुलगी लगेच म्हणाली. "जे जे करता येईल ते सगळं करा."

हे माझं वाक्य होतं. तिच्या आईच्या वेळी इस्पितळात मी हेच म्हणालो होतो, अगदी याच शब्दांत. त्यानंतर अकरा दिवस नळ्या आणि यंत्र. नवव्या दिवशी बायकोनं माझं मनगट धरलं आणि मान हलवली. बस झालं, असं. मला ते स्पष्ट कळलं होतं. मी न कळल्यासारखं केलं आणि म्हटलं, बरी होशील. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही.

ऑपरेशन नको, मी म्हटलं. पाणी काढा, आम्ही घरी नेतो.

"आणि ती गेली तर?" मुलीचा आवाज चढला. "मग तुम्ही सकाळी कशासाठी उठाल?"

"ते माझं मी बघेन. ते ओझं तिच्यावर नको."

पाणी काढल्यावर हेडबाई दोन किलोच्या आत आली. घरी तिनं हळूहळू अंगणाची तपासणी केली, माझ्या चपलेत चोच घातली, उन्हात पंख पसरून पडली. मी रोज सकाळी तिचं वजन करायचो. ते वाढत होतं, आणि या वेळी मला त्याचा अर्थ माहीत होता. बाराव्या दिवशी काटा अडीच किलोवर गेला आणि ती चोच उघडी टाकून श्वास घ्यायला लागली. मी मुलीला म्हटलं, आज नेऊया. ती टोपली घेऊन आली. इंजेक्शन दिलं तेव्हा हेडबाई माझ्या मांडीवर होती. आधी आणि नंतर वजनात काहीच फरक लागला नाही. मलाही काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला जाग आली. आणायचं काही नव्हतं. मी छताकडे बघत पडलो. दाराखालच्या फटीतून मुलीची पावलं दिसत होती. ती दार वाजवत नव्हती, नुसती उभी होती. बराच वेळ. शेवटी मी उठून दार उघडलं, आणि ती घाईघाईनं स्वयंपाकघरात डबा भरायला गेली.

मी मागोमाग गेलो. एक गोष्ट माझ्या हिशेबात बसत नव्हती. "बेकरीतली अंडी," मी विचारलं, "कोमट कशी असायची?"

तिचा हात थांबला. "साडेपाचला उठायचे. मागच्या पायरीवर बसून काखेत धरायचे. तुमच्या खोलीत हालचाल ऐकू आली की नेऊन ठेवायचे."

"थंडीतसुद्धा?"

"थंडीत जरा जास्त वेळ लागायचा."

त्या पाच महिन्यांत माझ्या हाताला काही लागलं असेल तर तेवढी ऊब. तीसुद्धा मी कोंबडीची समजलो होतो.

मी तिच्या हातातून डबा घेतला. "उद्यापासून साडेसहापर्यंत झोप," म्हटलं, "डबा मी भरतो." आणि झाकण लावायला लागलो. ते लागेना. डोळे इतके भरले होते की झाकण कुठे आणि डबा कुठे ते दिसत नव्हतं.