साग मोठा की उंदीर

“साग म्हनजे जंगलाचा राजा! शंभर वर्सं हालत नाई, कोनापुढे झुकत नाई!” पडद्यामागे मुखरूनं जाहीर केलं आणि लगेच आवाज उतरवला, “डोमा, नाक खाजवून दे ना लेका.”

दोन्ही हात सागाच्या फांद्यांना बांधलेल्या माणसाला याहून जास्त ताठा परवडत नाही. वडशाजवळच्या एका गावात दरवर्षी दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात मुखरू झाड व्हायचा आणि त्याचा दोस्त डोमा गणपतीचा उंदीर. नमनात गणपतीला पाठीवर घेऊन दोन फेऱ्या मारल्या की डोमा मोकळा. मुखरू मात्र एकही वाक्य न बोलता शेवटच्या अंकापर्यंत उभा.

“उंदराचं काय? दोन वर्सांत खपते,” मुखरू म्हणे.

“पन देव कोनावर बसते? झाडावर?”

असं अकरा वर्षं चाललं. वाद मिटला नाही. नमन झालं तरी डोमा घरी जात नसे. दोराची शेपटी गुंडाळून तो झाडामागं बसे आणि फांद्यांतून उतरलेल्या मुंग्या मुखरूच्या पायांवरून एकेक वेचून काढी. मुखरू त्यावर कधी बोलला नाही. बोलला असता तर वाद हरल्यासारखं झालं असतं.

यंदा पोळ्याच्या सुमारास डोमाला ताप भरला. चार दिवसांत गेला.

मंडई काही थांबत नाही. उंदराच्या जागी घेतलेल्या दसरूनं डोमाच्या घरून आणलेली तीच शेपटी बांधली, गणपती फिरवला आणि तो जेवायला गेला. दुसऱ्या अंकात मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या. मुखरूनं सवयीनं मागं पाहिलं.

“अबे, झाड रडून राह्यलं!” कोणीतरी ओरडलं.

“साग नाई रे हा, मोहाचं झाड हाये! फुलं टपकवून राह्यलं!”

मांडव हसून लोळला.

सकाळी शेपटी घेऊन मुखरू डोमाच्या अंगणात गेला. डोमाची बायको मंगली एका हातानं वासरू आवरत गाय दोहत होती. मुखरूनं वाक्य वाटेतच पाठ केलं होतं. अकरा वर्षांत त्याच्या वाट्याला आलेलं हे पहिलंच वाक्य.

“वयनी, उंदीरच मोठा होता. मी त्याले कधी म्हनलो नाई.”

मंगलीनं खांद्यालाच तोंड पुसलं. मग शेपटीकडे पाहून म्हणाली,

“भाऊ, वासराचं दावं हाये ते. दर मंडईले सोडून नेत होते, अन् वासरू सारं दूध पिऊन टाके. तेवढं बांधून द्या ना. माहे हात गुतले हायेत.”