सर्जेरावांचं अळणी पथ्य

त्या काळी लासुर्ण्यात माणसाला लिव्हर असतं हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. बोकडाला काळीज असायचं. ते यात्रेच्या सकाळी निखाऱ्यावर भाजून कापणाऱ्यांनी आणि त्यांच्या खास माणसांनी खायचं, एवढाच गावाचा त्या अवयवाशी संबंध. त्यामुळं बारामतीच्या डॉक्टरांनी "लिव्हरला सूज आहे" म्हणून सांगितलं तेव्हा सर्जेरावांना आपल्या शेतात नवीन विहीर सापडल्यासारखं झालं. आनंद व्हावा की भीती वाटावी, कळेना.

साल पंच्याण्णव. फाल्गुन चालू होता आणि साखर कारखान्याचा पट्टा पडून गाळप अजून संपायचं होतं. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पिवळेपणा पाहिला, पोट दाबलं, रक्ताचा कागद वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, "घेता का?"

"न्हाय तसं. कुनी दिली तर."

"कोण देतं?"

सर्जेरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "तसं सगळीच देत्यात."

शेजारी बसलेल्या कुशाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना नवऱ्याची लाज वाटत होती की हसू येत होतं, हे डॉक्टरांना समजलं नाही. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. दारू कायमची बंद, तळलेलं बंद, मटण सध्या बंद. ताक, पालेभाजी, फळं, ताजं शिजलेलं खायचं, पडून राहायचं, आणि दर पंधरवड्याला रक्त दाखवायला यायचं. मिठाचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. मीठ पुढं भागूबाईंनी काढलं.

एसटी लासुर्ण्याला पोचायच्या आत बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवसापासून माणसं बघायला येऊ लागली. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायची तेव्हा पद्धत नव्हती. एक बिस्किटाचा पुडा आणि एक औषध एवढं प्रत्येकाकडं असायचंच. कुणी एरंडाच्या पानाचा रस सांगितला, कुणी गुळवेल. कुणी म्हणालं, गळ्यात काविळीची माळ घाला, कावीळ उतरते तशी ती लांबत बेंबीपर्यंत येते. म्हाताऱ्या गेणबानं उसाचा रस सांगितला, आणि नुसता सांगून न थांबता गुऱ्हाळावरून कासंडी भरून पाठवून दिला. तो पिताना सर्जेरावांना पहिल्यांदाच वाटलं, की आपण जन्मभर लावतो हे आणि पितो भलतंच.

शेवटी सगळ्यांचं एकमत भागूबाईंवर झालं. त्यांची वस्ती ओढ्याच्या पलीकडं. सासऱ्याच्या काळात त्या घराची मेंढरं पार घाट उतरून जायची. आता मेंढरं गेली होती, मुलगा कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचा, आणि काविळीचा पाला देणं हे जुन्यातलं एवढंच काय ते भागूबाईंकडं उरलं होतं. ऊन चढायच्या आत बांधावरून भुईआवळा उपटायचा, पाट्यावर वाटायचा आणि शेळीच्या दुधातून अनुशापोटी द्यायचा. औषध घेऊन निघताना "येतो" म्हणायचं नाही असा तिथला नियम होता. "येतो" म्हटलं की कावीळही ते मनावर घेते. सर्जेराव म्हणजे कुणाच्याही दारातून निरोप घ्यायला चहाची दुसरी फेरी लागणारा माणूस, पण भागूबाईंच्या अंगणातून ते शेळी चोरल्यासारखे निघायचे.

दुसरा नियम पथ्याचा होता. "मीठ न्हाय, त्याल न्हाय, हळद न्हाय, मिरची न्हाय," भागूबाई म्हणाल्या. "चैताची आवस व्हईपतूर."

सर्जेराव एवढा वेळ मान डोलवत होते. आता मात्र दचकले. "आक्का, यात्रा पुनवंला हाय."

"मग?"

"मला मीठ बघावं लागतं."

भागूबाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. सगळ्या गावाला माहीत होतं. यात्रेचा पहिला दिवस गोडाचा, दुसरा मटणाचा. देवाचा नैवेद्य घराघरांतून आधीच, न चाखता, निघून जायचा. त्यानंतर भावकीचं आणि पाहुण्यांचं जेवण मळ्यात, चिंचेखाली, एकाच मोठ्या पातेल्यात व्हायचं. करायचं पुरुषांनी. रस्सा ढवळायचं लांब दांड्याचं वगराळं ज्याच्या हातात, त्यानं शेवटी तळहातावर रस्सा घ्यायचा, जिभेला लावायचा आणि "बसवा पंगत" म्हणायचं. ते म्हटल्याशिवाय पाहुणा कितीही मोठा असो, पानावर बसत नसे. वडील गेल्यापासून वगराळं सर्जेरावांच्या हातात होतं. ते कारखान्याच्या निवडणुकीत एकदा पडले होते, सोसायटीत दोनदा. पण पातेल्याजवळ त्यांच्या विरोधात उभं राहायची कुणाची छाती नव्हती. अपवाद एक, चुलतभाऊ जोतीराम.

"थेंबभरच, आक्का. गिळत बी न्हाय, थुकतो."

"थेंबानं काय व्हतंय म्हनता, मग चाखा की," भागूबाई म्हणाल्या. "पन पथ्य मी घातलंय, मीच सोडवनार. तुमी आपल्या मनानं सोडलं, तर फुडं माझ्या दारात येऊ नगा. डाक्टर हाय की तुमचा बारामतीत."

सर्जेराव "येतो" न म्हणता निघाले.

जोतीराम त्याच आठवड्यात बघायला आला. बिस्किटाचा पुडा त्यानं उशाशी ठेवला आणि औषध सांगितलं नाही, तेव्हाच सर्जेराव सावध होऊन उठून बसले.

"दादा, तुमी आता निवांत पडा. रस्स्याचं मी बघतो."

"मी मेलोय व्हय?"

"तसं कुठं म्हनलं मी? आपलं मीठ बघायला जिबंला चव पायजे, म्हून म्हनलं."

तो गेल्यावर सर्जेरावांनी बिस्किटाचा पुडा उशापासून लांब सारला. डोळे पिवळे होते म्हणून, नाहीतर लाल दिसले असते.

घरात कुशाबाईंनी वेगळाच कायदा केला होता. आजारी माणसाच्या नाकाशी फोडणी घालायची आणि त्याला अळणी दुधी वाढायचा हे त्यांना पटेना. तेव्हा सगळ्या घराचीच फोडणी बंद. ज्वारीची भाकरी, बिनमिठाचं मुगाचं वरण, पाल्यासकट मुळा, पडवळ, ताक. मुलगा विजयसिंह कारखान्यात कामाला होता. त्याला एकाएकी कँटीन आवडू लागलं आणि तो उशिरापर्यंत थांबून काम करतो अशी त्याची ख्याती झाली. सून विरजण मागायच्या निमित्तानं शेजारी जायची आणि तोंड पुसत परत यायची. कुशाबाई मात्र नवरा जेवायचा तेच जेवायच्या, त्याच्या समोर बसून, आणि मध्येच विचारायच्या, "ग्वाड लागतंय न्हाय का?"

"लागतंय की," सर्जेराव म्हणायचे. पहिल्यांदा खोटं म्हणायचे. पुढं पुढं खरंच लागायला लागलं. भाकरीला स्वतःची चव असते, मुळ्याला गोडसर तिखटपणा असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. दोघं नवरा-बायको इतक्या वेळा समोरासमोर बसून जेवले, तेही त्याच दिवसांत. त्याआधी पंगत, पार्टी, मीटिंग असं काही ना काही असायचंच, आणि कुशाबाई झाकलेल्या ताटाशेजारी बसलेल्या असायच्या.

यात्रेच्या अलीकडं रक्त दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "सूज छान उतरलीय. गोळ्यांनी आणि विश्रांतीनं फरक पडला. दारूचं मात्र कायमचं." भागूबाई म्हणाल्या पाल्यानं. गेणबा म्हणाला रसानं. कुशाबाई मुळा चिरत राहिल्या.

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सर्जेराव मळ्यात आले तेव्हा माणसं थोडी बाजूला झाली. सदरा अंगावर दुसऱ्याचा घातल्यासारखा दिसत होता. पण डोळे पांढरे होते, आणि वगराळं हातात घेताच पूर्वीचा आवाज आला. "जाळ मागं वडा. कांदा जळाय लागलाय." रस्सा रटरटू लागला. तवंग कडेला आला. आजारी पडायच्या आधीच्या सगळ्या यात्रा सर्जेरावांच्या नाकात एकदम आल्या. वडिलांच्या खांद्यावरचा ओला टॉवेल, चिंचेच्या पानांवर बसलेली राख, पहिला पाहुणा यायच्या आधीची ती घाई. त्यांनी मिठाच्या पोत्यात हात घातला, अंदाजानं मुठी टाकल्या आणि थांबले. नेहमी थांबायचे तिथंच थांबले, म्हणजे निम्म्यावर. उरलेलं चाखून घालायचं असायचं.

जोतीराम शेजारी उभाच होता. त्यानं धुतलेला तळहात पुढं केला. "द्या दादा. मी बघतो."

सगळे बघत होते. जोतीरामच्या जिभेला एकदा मीठ लागलं, की वगराळं पुढच्या वर्षी त्याच्या हातात जाणार, हे न कळण्याइतकं कुणी लहान नव्हतं.

"थांब," सर्जेराव म्हणाले. मग बायका भाकऱ्या भाजत होत्या तिकडं वळून हाक मारली. "अगं, हिकडं ये जरा."

कुशाबाई पीठ झटकत आल्या. पुरुषांच्या चुलीजवळ त्या कधी आल्या नव्हत्या. एक जण म्हणाला, "आबा, बाईमानसाचं काय काम हितं?"

"वर्षभर घरात कुनाच्या हातचं खातोस रं तू?" सर्जेराव म्हणाले. त्या माणसाला लगेच लाकडं आणायचं काम आठवलं.

कुशाबाईंनी तळहात पुढं केला. सर्जेरावांनी वगराळ्यानं रस्सा सोडला. कुशाबाईंनी तो फुंकला, जिभेला लावला आणि डोळे गच्च मिटले.

"बास," त्या म्हणाल्या. "आता चिमूटभर बी नगं. वाईच ज्यादाच झालंय."

"बसवा पंगत," सर्जेराव म्हणाले.

आणि पंगत बसली. ज्या बाईनं फाल्गुनापासून जिभेवर मिठाचा खडा ठेवला नव्हता तिनं मीठ बघितलं, हे साऱ्या भावकीत एकाच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते पहिल्या घासाला. दरवर्षी पहिल्या घासाला नाकं ओढल्याचे, "हाऽऽ" केल्याचे आवाज यायचे. ह्या वेळी माणसं भाकरी चुरत एकमेकांकडं बघत होती. गेणबा तोंड उघडणार तेवढ्यात शेजारच्यानं त्याच्या मांडीला चिमटा काढला. हाडाचा सापळा होऊन उठलेला माणूस वगराळं घेऊन समोर उभा, त्याची बायको त्याच्या मागं, आणि तिनं पहिल्यांदाच मीठ बघितलेलं. त्यांना कोण सांगणार? कांदा-लिंबू-मीठ वाढणाऱ्याला मात्र त्या दिवशी बसायला मिळालं नाही. "हिकडं कांदा," असं मोठ्यानं म्हणायचं आणि डोळ्यांनी मीठ दाखवायचं.

"कांदा लई चाललाय ह्या वर्षी," सर्जेराव कौतुकानं म्हणाले.

शेवटच्या पंगतीला ते स्वतः आपली अळणी भाकरी आणि वाटीभर ताक घेऊन बसले. जोतीराम शेजारी बसला. त्यानं रस्सा ओरपला, भाकरी कुस्करली, परत ओरपला. सर्जेराव त्याच्या तोंडाकडं बघत राहिले.

"दादा," जोतीराम मान खाली घालून म्हणाला, "मीठ अगदी बरूबर पडलंय."

सर्जेरावांचा घास हातातच राहिला. जोतीराम दरवर्षी काहीतरी काढायचा. एकदा रस्सा खारट, एकदा मटण वातड, एकदा तिखट चढलं नाही. एका वर्षी काहीच सापडलं नाही, तर त्यानं भाकऱ्या करपल्या म्हणून सांगितलं, आणि भाकऱ्या सर्जेरावांनी केल्या नव्हत्या. त्या जोतीरामनं मीठ बरोबर आहे म्हणावं.

त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. प्रत्येक पानाच्या कडेला पांढरा ढीग होता. काहींनी तो भाकरीखाली झाकला होता. झाकणाऱ्यांत सोसायटीत त्यांना पाडणारेही होते.

ते उठले, पातेल्याजवळ गेले, वगराळं पाण्यात खळबळून टॉवेलनं कोरडं केलं आणि जोतीरामच्या पानाशेजारी आणून ठेवलं.

"फुडल्या वर्षी तू."

"मी काय म्हनलं का, दादा?"

"काय बी म्हनला न्हाईस. म्हून तर."

जोतीरामनं उष्टा हात मागं घेतला. "माझा हात खरकटा हाय. तितंच ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, आणि उरलेली भाकरी कुस्करू लागला. पण वगराळं त्यानं परत दिलं नाही.

दिवस कलताना दोघं चारीच्या कडेनं घरी निघाली. विजयसिंह एम-ऐंशी गाडी घेऊन आला होता, पण सर्जेराव म्हणाले चालत येतो. उसाच्या खोडव्याला पाणी सुटलं होतं. कुशाबाई दोन पावलं मागं होत्या. त्यांनाही पानांच्या कडेचे ढीग दिसले होते.

"माझ्यापायी गेलं तुमचं वगराळं," त्या म्हणाल्या.

सर्जेराव थांबले, त्या बरोबरीला येईपर्यंत. "खरं सांग, तुला कसं लागलं व्हतं?"

"मला तर ज्यादाच लागलं."

"मग ज्यादाच व्हतं," सर्जेराव म्हणाले. "मुळा हाय का घरात?"

"हाय की."

"दोघांचं एकाच ताटात वाढ."