अण्णांना काही विचारायची सोय नव्हती

तिचं केस कापायचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत होतं, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तेच होतं. दुकान चार गल्ल्या पलीकडे असतं तर अण्णा घरात राहिले असते आणि ती दुकानात. पण दोन्हींच्या मधे होता फक्त एक पडदा. सकाळचा चहा झाला की अण्णा वर्तमानपत्र बगलेत मारून पडदा सारत, दाराजवळच्या खुर्चीत ठाण मांडत आणि पहिलं गिऱ्हाईक आत येतं न येतं तोच सुरू होत.

अण्णा म्हणजे तिचे वडील. सगळी हयात त्यांनी छापखान्यात, धडधडणाऱ्या मशीनपाशी उभं राहून काढली होती. तिथे डायऱ्या छापल्या जात, मासिकं छापली जात, आणि पानाच्या तळाशी जागा उरली की ती भरायला एखादा माहितीचा चौकोन टाकत. लोक हात का मिळवतात, शिंक आल्यावर शेजारचा माणूस काहीतरी बरं का बोलतो, असलं काहीबाही. लोक मुख्य मजकूर वाचत, अण्णा ते चौकोन वाचत. आणि एकदा वाचलेलं विसरायचं नाही, ही त्यांची खोड. आई होती तोवर हा साठा दोघांच्या घरात मुरत पडला होता. आई गेली, ती अण्णांना आपल्याकडे घेऊन आली आणि धरणाची दारं उघडावीत तसं झालं.

पहिला महिनाभर सगळ्यांनी कौतुक केलं. तिची शाळकरी लेक तर आजोबांनी सांगितलेलं वर्गात जाऊन सांगायची आणि भाव खायची. नवरा गाडी चालवायला शिकवण्याचं काम करी. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसणारा माणूस, त्याला कशाचंच काही वाटायचं नाही. पण हळूहळू त्यालाही जेवताना घास गिळेनासा झाला. सर्दी झाली तरी तो ताटावरून उठून बाहेर जाऊन शिंके, कारण घरात शिंकलं की ऐकावं लागे, की फार पूर्वी काही लोकांना वाटायचं, शिंकेबरोबर माणसाचा जीवच बाहेर पडतो. लेकीने नवा सदरा घातला की आलंच, पुरुषांच्या आणि बायकांच्या कपड्यांची बटणं उलटसुलट बाजूंना का. कुणी जांभई दिली तर जांभई संसर्गासारखी कशी पसरते ते सांगता सांगता अण्णा सगळ्या घराला जांभया देऊन मोकळे होत. ते ऐकवायचे, पण कुणाचं ऐकायचे नाहीत. मधे कुणी काही विचारलं तर हसून मान हलवायची आणि पुढचा चौकोन उघडायचा. त्यांना भाजीत मीठ कमी आहे का विचारलं, तर मिठाचा इतिहास कळे. मीठ कमी होतं की नाही, ते शेवटपर्यंत कळत नसे.

ती सोसत होती. वडील आहेत, एकटे पडलेत, बोलू देत. हे ती मनाला रोज बजावायची आणि रोज दुपारपर्यंत तिचा धीर संपायचा.

मग वाचनालयातल्या बाई आल्या, तो दिवस उजाडला.

या बाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. मोजकं बोलणाऱ्या, डोळे मिटून शांत बसणाऱ्या. यावेळी बऱ्याच दिवसांनी आल्या होत्या आणि चेहरा उतरलेला होता. तिने काही विचारलं नाही. अंगावर कापड बांधलं, त्यांची मान पुढे वाकवली आणि मानेवरचे केस कापायला लागली. बाईंचा हात कापडाबाहेर खुर्चीच्या दांड्यावर होता. बोटावर अंगठीचा नुसता फिका वळ राहिला होता. तो अण्णांनी पाहिला.

अण्णा खुर्ची पुढे ओढत म्हणाले, की लग्नाची अंगठी त्याच बोटात का घालतात, ते माहीत आहे का? जुन्या काळी लोकांची समजूत होती, की त्या बोटातून एक शीर थेट काळजापर्यंत जाते. आता अशी काही खास शीर नसते, सगळी बोटं सारखीच.

बाई मान खाली असतानाच हळू आवाजात म्हणाल्या, "माझे यजमान गेले. दोन महिने झाले."

तिची कात्री थांबली. आणि अण्णा मोठ्यांदा हसले. म्हणाले, "म्हणजे बघा, इतकी वर्षं उगाचच बोट अडकवून घेतलं की नाही?"

बाई उठल्या. अर्धे केस कापलेले, अर्धे तसेच. त्यांनी स्वतःच कापड सोडलं, घडी घालून खुर्चीवर ठेवलं आणि निघून गेल्या. ती दारापर्यंत मागे धावली, पण तोवर बाई गल्लीच्या टोकाला पोचल्या होत्या. मागे वळून बघते तर अण्णा वर्तमानपत्र उघडत होते. बाईंना काही काम आठवलं वाटतं, असं म्हणाले.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं, त्यामुळे ती दात आवळून केस कापत राहिली. संध्याकाळी तिने दादाला, म्हणजे भावाला फोन लावला. अण्णांना काही दिवस तुझ्याकडे ने, मी पार विटलेय, असं स्पष्ट सांगितलं. दादाने घर लहान असल्याचं सांगितलं, मुलांच्या परीक्षांचं सांगितलं आणि शेवटी, तू अण्णांशीच बोल, ते आपणहून म्हणाले तर बघू, असं म्हणून चेंडू परत तिच्याकडे टोलवला. अण्णांशी बोलणं हेच तर मुळात जमत नव्हतं.

तरी तिने ठरवलं. सुट्टीच्या दिवशी दुकान बंद असे तेव्हा ती अण्णांचे केस कापायची. त्या दिवशी तिने त्यांना आरशासमोर बसवलं, कापड बांधलं, आणि समोरून बोलायची हिंमत होईना म्हणून त्यांची मान पुढे वाकवून, पाठीमागे उभं राहून, मनात घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं. "अण्णा, तुम्ही थोडे दिवस दादाकडे जाऊन या. मला आता झेपत नाही."

अण्णा म्हणाले, की काही देशांत न्हाव्याच्या दुकानाबाहेर लाल, पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांचा खांब का असतो, ठाऊक आहे का? पूर्वी न्हावी लोकांचं वाईट रक्तही काढायचे, तो लाल रंग रक्ताचा.

तिने कात्री टेबलावर आपटली. इतकं कळकळीनं बोलावं आणि समोरून रक्ताचा खांब निघावा. ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली, चढ्या आवाजात. खाली मान घातलेले अण्णा खांबाच्या निळ्या पट्ट्यावर पोचले होते. ती पुढे काही बोलणार, तोच मानेला रग लागली म्हणून त्यांनी डोकं वर केलं आणि आरशात त्यांना तिचा लालबुंद चेहरा दिसला.

"काय झालं गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," ती आरशाकडे बघत पुटपुटली. आवाज जेमतेम फुटला असेल.

"काही नाही कसं? चेहरा बघ जरा स्वतःचा."

ती थबकली. मघाशी ओरडून सांगितलेलं यांना कळलं नव्हतं आणि हे पुटपुटणं कळलं होतं. अण्णांची नजर आरशात होती, पण तिच्या डोळ्यांवर नव्हती. जरा खाली होती. तिने कंगवा उचलला, केस नीट करायचं निमित्त करून तो तोंडासमोर धरला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अण्णा, आईची आठवण येते का हो?"

अण्णांनी हसून मान हलवली आणि हात मिळवण्याची पद्धत कशी पडली असावी ते सांगू लागले. हातात हत्यार नाही हे दाखवायला, असं म्हणतात.

तिने कंगवा खाली घेतला. त्यांच्या समोर जाऊन, गुडघ्यांपाशी स्टूल ओढून बसली आणि एकेक शब्द स्पष्ट म्हणाली, "अण्णा, तुम्हांला ऐकू येत नाही."

बराच वेळ ते कापडावर पडलेले स्वतःचे पांढरे केस झटकत राहिले. मग म्हणाले, थोडंफार येतं. चाळीस वर्षं मशीनपाशी उभं राहिल्यावर आणखी काय व्हायचं. आईला माहीत होतं. आई सगळं त्यांच्याकडे तोंड करून बोलायची, पाहुणा काय म्हणाला ते स्वयंपाकघरात नेऊन परत सांगायची. जगाला पत्ता लागू दिला नाही तिने.

तिला कळवळा यायला हवा होता. आला तो संताप. वर्षभर सगळं घर या माणसापायी दमलं होतं, नवरा शिंकायला अंगणात जात होता, एक दुखावलेली बाई अर्ध्या केसांनी रस्त्यावरून चालत गेली होती, आणि एक वाक्य सांगितलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं. तिने हे सगळं तोंडावर सांगितलं. मला तरी सांगायचं होतं, मी काय परकी होते का, असंही विचारलं.

"सांगून काय झालं असतं?" अण्णा म्हणाले. "मी बोलत राहिलो की लोक वैतागतात, पण समोर बसून तरी राहतात. बहिऱ्याला एकदा सांगतात, दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा 'जाऊ दे' म्हणतात. ओठांवरून मला सगळ्यात आधी ओळखता आलं ते हेच, 'जाऊ दे'. तूही म्हणतेस. दिवसातून कितीदा तरी."

म्हणायची ती. आणि म्हणून पाठ फिरवायची.

मग तिने त्यांना वाचनालयातल्या बाई काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. अण्णांनी ते दोनदा वदवून घेतलं. आपण त्यावर काय बोललो तेही विचारलं. ते ऐकल्यावर त्यांनी उरलेले केस कापूनच घेतले नाहीत. आत जाऊन पडून राहिले.

यानंतर सगळं सुरळीत झालं असतं तर ते अण्णा कसले. कानाचं यंत्र लावायला ते तयार होईनात. म्हाताऱ्यासारखं दिसेल म्हणाले, सत्तरी उलटलेला माणूस. नवऱ्याने समजावलं, नातीने रुसून पाहिलं. शेवटी तीच म्हणाली, की यंत्र लावल्याशिवाय पडद्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, दुकान माझं आहे. दोन दिवस ते आत बसले. तिसऱ्या दिवशी कपडे करून दारात उभे, चल म्हणाले, कुठे तो डॉक्टर.

यंत्र आलं आणि तक्रारींना नुसता ऊत आला. फ्रिज रडतो. नातीच्या सपाता फटाफटा वाजतात, या पोरीला पाय उचलता येत नाहीत का? जावई जेवताना मचमच करतो. हे त्यांनी जावयासमोरच सांगितलं, आणि इतक्या दिवसांत तोंड न उघडलेला नवरा ताट उचलून दुकानात जाऊन जेवला. तिच्याबद्दल म्हणाले, "तुझा आवाज लहानपणी असा नव्हता. तू सारखी ओरडतेस का?" तिने सांगितलं, की वर्षभर तुमच्याशी ओरडून ओरडून असा झालाय. तर म्हणाले, मग आता हळू बोल, ऐकू येतंय.

एका सकाळी त्यांनी वाचनालयातल्या बाईंचं घर विचारलं. एकट्यांना पाठवायची तिची छाती होईना. न जाणो, दारातच दाराच्या उंबऱ्याचा इतिहास सुरू व्हायचा. दुकानाला कुलूप लावून ती बरोबर गेली. बाईंनी दार उघडलं, अण्णांना पाहून त्यांचा चेहरा आक्रसला. केस त्यांनी दुसरीकडे कापून घेतले होते, वाईटच कापले होते. अण्णांनी हात जोडले, कानामागचं यंत्र दाखवलं आणि म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही बोललात ते मला ऐकू आलं नव्हतं. तरी मी उत्तर दिलं. ती चूक माझी. आज ऐकायला आलोय."

बाई दारातून बाजूला झाल्या आणि आत या म्हणाल्या. पाणी दिलं. आणि मोजकं बोलणाऱ्या त्या बाई बोलू लागल्या. यजमानांचं आजारपण, त्यांचा हट्टी स्वभाव, त्यांचे अजून खुंटीवर टांगलेले शर्ट. अण्णा पुढे झुकून ऐकत होते. मधे एकदा यंत्र कुरकुरलं तर म्हणाले, थांबा, ते पुन्हा सांगा, निसटलं. बाईंनी पुन्हा सांगितलं. ती शेजारी बसून धास्तीने वाट बघत होती, आता सुटेल एखादा चौकोन. सुटला नाही. वेळ मात्र हातचा सुटला. दुकानासमोर गिऱ्हाइकं उभी असतील म्हणून ती दोनदा खाकरली, अण्णांनी दोन्ही वेळा हाताने थांबवलं.

परतताना ती घाईने चालत होती आणि अण्णा प्रत्येक हॉर्नला थबकत होते. मधेच म्हणाले, की त्या दिवशी माझे केस कापताना तू पाठीमागून काहीतरी म्हणालीस. आधी एकदा, मग रागाने. काय ते?

थाप मारावी असं तिच्या मनात आलं. पण वर्षभर या घरात कुणी कुणाला धड उत्तर दिलं नव्हतं, आणि तिला त्याचाच वीट आला होता.

"मी म्हणाले, तुम्ही थोडे दिवस दादाकडे जा. मला झेपत नाही."

अण्णा चालत राहिले. रस्ता ओलांडून झाल्यावर म्हणाले, "जाईन की. आठवडाभर जातो. सूनबाई इतकी वर्षं माझ्याशी काय बोलते ते मी ऐकलंच नाही कधी."

"अण्णा, ते काही फार चांगलं नसेल."

"असू दे. आणि दादाला आधी कळवू नकोस, नाहीतर पोरांच्या परीक्षा काढेल."

म्हणजे हे त्यांना ओठ न वाचताही माहीत होतं. ती कपाळाला हात लावून त्यांच्याकडे बघत राहिली. दुकानासमोर तिघी उभ्या होत्या आणि तिघींचीही तोंडं वाकडी झाली होती. अण्णा पुढे झाले आणि त्यातल्या पहिलीला त्यांनी विचारलं, की फार वेळ थांबावं लागलं का, घर लांब आहे का, घरी कोण कोण असतं? ती बाई उत्तर द्यायला लागली. कुलूप काढता काढता तिच्या लक्षात आलं, की आता अण्णांचे प्रश्न सुरू झालेत, आणि हे प्रकरण आधीच्या प्रकरणापेक्षा लांबणार.